सुगरणीचा अभ्यास

अण्णा टिपणिसांनी मुलीचं नाव विद्युल्लता ठेवलं, तेव्हा भिवंडीत वीज आलेली होती. टिकत मात्र नव्हती. त्यामुळं ती दप्तर घेऊन शाळेला निघाली की आळीतली पोरं ओरडायची, "लाइट गेली रे." हीसुद्धा काही कमी नव्हती. परत येताना त्यांच्याच ओट्यापुढं उभी राहून सांगायची, "आली. बसा आता अभ्यासाला." बोलण्यात तिला कुणी हरवल्याचं आळीत कुणाला आठवत नाही. घरात तिला लता म्हणत, कारण सबंध नावानं हाक मारून होईपर्यंत ती बाहेर पडलेली असायची.

बाहेर म्हणजे कुठं, तर कुठल्या तरी झाडाखाली, मान वर करून. आधी साळुंक्या झाल्या, मग खंड्या झाला, मग मैदानातल्या विजेच्या तारेवर बसणारा कोतवाल. आई लहानपणीच गेली होती, तेव्हा तिला वाढवलं अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं. आक्काच्या हाताला अशी चव, की तिच्या बिरड्याचा वास आला की शेजारचे काही ना काही मागायला यायचे. आणि तिच्या हाताखाली वाढलेल्या या पोरीला साधं दूध राखता येत नव्हतं. दूध उतू जायचं आणि ही खिडकीतून शिंजीर बघत उभी. "अगं, मान वाकडी होऊन बसेल, मग कोण करील तुला?" आक्का म्हणायची. "वाकड्या मानेचा," ही म्हणायची.

अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते. माणूस देवभोळा नव्हता, पण शब्दभोळा होता. आयुष्यात खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम, आणि अडचणीचं खरंही बोलायचं नाही हा दुसरा. मग ते काय करत, तर खरं अशा रीतीनं मांडत की ऐकणाऱ्यानं त्यातून हवं ते घ्यावं. कोर्टात हे खपून जायचं. घरात याचं काय झालं ते आता येईलच.

पोरगी बी.एस्सी.ला गेली, प्राणिशास्त्र घेऊन. तिला वाटलं, आता पक्षी शिकवतील. पहिल्या वर्षी झुरळ आलं, दुसऱ्या वर्षी बेडूक आला, आणि तिसऱ्या वर्षी एक कबुतर आलं ते फॉर्मलिनच्या बरणीतून. हिनं हात वर केला, "सर, जिवंत कबुतर कुठल्या वर्षाला असतं?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. पक्ष्यांचं वेगळं असं काही कॉलेजात नसतं. बी.एड. करावं, शाळेत लागावं, नाहीतर बँकेची परीक्षा द्यावी आणि पक्षी रविवारी बघावेत.

तिनं ऐकून घेतलं आणि एका सकाळी मुंबई गाठली. तिथं पक्ष्यांवर काम करणारी एक संस्था होती, आणि संस्थेत डॉक्टर केरावाला म्हणून एक पारशी गृहस्थ होते. हाडकुळे आणि तिरसट. त्यांनी तिला बस म्हटलं नाही, पण रस्ता मात्र नीट सांगितला. वर्गात न बसताही एम.एस्सी. होता येतं, संशोधन करून. एक पक्षी घ्यायचा, त्याच्यामागं दोन वर्षं घालवायची, प्रबंध लिहायचा. त्यातून निभावलात तर पीएच.डी. मधल्या काळात संस्थेच्या कॅम्पवर जायचं, जाळी लावायची, पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालून त्यांना सोडायचं, वादळवाऱ्यात तंबू धरून बसायचं. "आणि नोकरी?" हिनं विचारलं. "देशात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या," डॉक्टर म्हणाले, "आणि त्या बोटांना मी नावानं ओळखतो." मग चष्मा पुसत त्यांनी अट घातली. त्यांच्याकडं विद्यार्थ्याची एकच जागा होती. पुण्याचा एक मुलगा त्या जागेसाठी बगळ्यांच्या मागं लागलेला होता. हिनं एक पक्षी, एक जागा, एक सबंध हंगाम, अशा नोंदी दसऱ्यापर्यंत आणून दाखवायच्या. ज्याचं काम सरस, त्याची जागा.

तिनं पक्षी निवडला सुगरण. झाडाला उलट्या सुरया टांगल्यासारखी घरटी करते ती. आता मराठीत सुगरण म्हणजे पाखरूही आणि फक्कड रांधणारी बाईही, हे काय मी सांगायला पाहिजे? पण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दावर झालं, म्हणून सांगितलेलं बरं.

घरी येऊन तिनं अण्णांपुढं विषय काढला. अण्णांनी ऐकलं, पानाला चुना लावला आणि निवाडा दिला, "हा पावसाळा तुझा. पण मध्ये चांगलं स्थळ आलं आणि पसंती झाली, तर लग्न. मग पक्षी नाहीत." ही लगेच कबूल झाली. दूध करपवणारी मुलगी पसंत करणारा कुणी तालुक्यात जन्मलेला नाही अशी तिची खात्री होती.

जागा सापडली राहनाळला. राघो नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर एक शिंदीचं झाड ओणवं झालेलं होतं, आणि त्यावर वर्षानुवर्षं सुगरणींची वस्ती. वैशाख संपता संपता नर पिवळेजर्द झाले आणि ही रोज उजाडता सायकल हाणत तिथं जाऊ लागली. पहिल्या दिवशी राघोनं विचारलं, "कशाला गो आलीस, बाय?"

"सुगरण बघायला."

राघोनं तिला एकदा आपादमस्तक बघून घेतलं. "मंग माझ्या घरात जा. काशी चुलीपाशी हाय."

काशी त्याची बायको. ती येऊन बघते तर शहरातली पोरगी विहिरीच्या काठावर बसून झाडाकडं टक लावून आहे. काशीनं तिला विचारलं, रांधता येतं का. ही म्हणाली, नाही. "तरीच," काशी म्हणाली, "पाखराकडनं शिकाला आली." दोघींचं तिथंच जमलं. आक्का रोज मोड आलेले वाल सोलायला द्यायची, कारण हातानं काही तरी शिकावं पोरीनं. आणि ते वाल काशी बसून सोलायची, कारण पोरीचा डोळा दुर्बिणीवरून हटत नसे. दुर्बीणही डॉक्टरांची, मागून आणलेली. एक दिवस हिनं सांगितलं, काशीवहिनी, हे घरटं विणतो तो नर, मादी नव्हे. राघो खूश होऊन म्हणाला, "बग काशी, बाप्या घर बांदतो." काशीनं वालाचं साल उडवलं. "माजा भाव नारपोलीला लूमवर बारा तास इनतो, त्याला कोनी सुगरण म्हनत न्हाय. पाखराचं मात्र नाव बाईचं न काम बाप्याचं."

इकडं भिवंडीत भाऊ चौबळ अण्णांना बाजारात भेटले. भाऊंचा पेशा पेन्शनरचा आणि छंद लग्नं जुळवण्याचा. "मुलगी हल्ली काय करते?" त्यांनी विचारलं. आता अण्णांच्या जिभेवर 'पक्षी' हा शब्द काही केल्या येईना. भर बाजारात, एवढ्या मोठ्या माणसापुढं, मुलगी झाडाकडं बघत बसते म्हणून सांगायचं? आणि खोटं तर बोलायचं नाही. अण्णा खाकरले आणि म्हणाले, "सुगरणीचा अभ्यास आहे तिचा. दांडगा अभ्यास."

भाऊंना एवढं पुरे होतं. आक्काची भाची, त्यातून सुगरण. आठवड्याभरात कल्याणच्या प्रधानांचं स्थळ ठरवून ते हजर. मुलगा मुकुंद, कारखान्यात इंजिनियर, एकुलता एक, निर्व्यसनी. वडील नाहीत. आई म्हणजे सबंध कल्याणात स्वयंपाकासाठी नावाजलेली बाई. "अशा बाईला सून कशी हवी असणार?" भाऊ म्हणाले आणि आक्काकडं बघून हसले. आक्काचं काळीज हललं, पण तिनं सरळ कानवल्यांसाठी मैदा भिजवला.

ठरल्या दिवशी मंडळी आली. प्रधानबाई, मुकुंद आणि मुकुंदाचे एक मामा. विद्युल्लतेला राहनाळहून जवळजवळ ओढून आणली होती. केसांत गवताची काडी होती, ती आक्कानं दारात काढली. प्रधानबाईंनी कानवल्याचा कोपरा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि उघडले. "हे तू केलेस?"

"आमच्या घरातच केलेत," ही म्हणाली. अण्णांचीच मुलगी.

"आणि सुगरणीचा अभ्यास कधीपासून?"

हिनं चमकून भाऊंकडं बघितलं. भाऊंचा चेहरा समाधानानं फुललेला. अण्णांकडं बघितलं. अण्णा छताकडं बघत होते. पोरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एका वाक्यात तिला हा घोटाळा मिटवता आला असता. पण ती मिटवणारी नव्हती, आणि शिवाय तिच्या मनात आलं, यांना पळवून लावायची इतकी सुरेख संधी पुन्हा यायची नाही.

"तिसरं वर्ष," ती अदबीनं म्हणाली. "आधी आवड म्हणून, आता पद्धतशीर."

"शिकतेस कुठं?"

"राहनाळला. एका विहिरीवर."

"विहिरीवर?"

"पाणी जवळ लागतं."

"ते मात्र खरं हो," प्रधानबाई म्हणाल्या. "आणि मुख्य काय असतं यात, तुझ्या मते?"

"गाठ. पहिली गाठ घट्ट बसली की पुढचं आपोआप जमत जातं."

"गाठी होऊ द्यायच्या नसतात बाळ, नीट ढवळलं तर होत नाहीत."

"आणि आतून चिखल थापायचा. ओला, थोडा थोडा."

मामांनी हातातला कानवला खाली ठेवला. "चिखल कशाला?" प्रधानबाईंचा आवाज जरा बारीक झाला.

"वाऱ्यानं हलू नये म्हणून."

"आणि खायला काय?" मुकुंदानं विचारलं. तो आल्यापासून पहिल्यांदाच बोलला.

"मोठ्यांना दाणे. लहानांना किडे. नाकतोडा कोवळा मिळाला तर फारच उत्तम."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. मुकुंद मात्र हसू दाबत होता. "आई," तो म्हणाला, "ही पाखराबद्दल बोलतेय. सुगरण पक्षी."

प्रधानबाईंनी भाऊंकडं बघितलं. भाऊंनी अण्णांकडं बघितलं. अण्णा पुटपुटले, "अभ्यास आहे एवढंच मी म्हटलं होतं," आणि ते अक्षरशः खरं होतं. विद्युल्लतेनं आता शेवटचा घाव घालायचं ठरवलं. म्हणाली, "घर नर बांधतो. अर्धं बांधून झालं की मादी बघायला येते. आत शिरते, विणकाम चोचीनं ओढून बघते. पसंत पडलं तर राहते, नाही तर उडून जाते. मग त्यानं ते घर सोडायचं आणि नवं बांधायला घ्यायचं. दाखवून घ्यावं लागतं ते नराला, मादीला नाही."

आता उठतील, तिला वाटलं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं एवढं बोलल्यावर कुणीही उठलं असतं.

प्रधानबाई उठल्या नाहीत. त्या हसायला लागल्या. आधी नुसत्या हलल्या, मग पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना. मामा घाबरून पाणी पुढं करू लागले. हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मला माझ्या नवऱ्याच्या घरी सुगरण सुगरण म्हणून डोक्यावर घेतलं आणि चुलीपुढं बसवलं, ती मी अजून उठलेले नाही. माझ्या घरात खाणारे पुष्कळ आहेत, बोलणारं कुणी नाही. पोरगी पसंत. आषाढ लागायच्या आत बार उडवून टाकू."

डाव असा उलटला. मुकुंद काही वाईट नव्हता. सासू तर तालुक्यात शोधून मिळाली नसती. "आणि माझा अभ्यास?" तिनं विचारलं, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"कर की," प्रधानबाई मायेनं म्हणाल्या. "कल्याणला काय झाडं नाहीत? सकाळचं सगळं आटपलं की बस खिडकीत."

सकाळचं सगळं आटपलं की. सुगरण विणते तीच मुळी सकाळी. चहा, डबे, आंघोळी, पूजा होऊन ही खिडकीत येईपर्यंत पाखरं सावलीला गेलेली असणार. आणि राहनाळचा हंगाम तर नुकता सुरू झाला होता. शिंदीवर पहिली घरटी अर्धी झाली होती, एकाही मादीनं पाय ठेवला नव्हता. आषाढाच्या आत लग्न म्हणजे दसऱ्याला पुण्याच्या बगळेवाल्याला जागा आयती.

मंडळी गेल्यावर आक्कानं देवापुढं साखर ठेवली. भाऊ आपण होऊन मुहूर्त बघायला गेले. विद्युल्लता अण्णांच्या खुर्चीपुढं येऊन उभी राहिली.

"आपलं काय ठरलं होतं, अण्णा?"

"चांगलं स्थळ आलं आणि पसंती झाली, तर लग्न."

"पसंती कुणाची?"

अण्णांनी पान तोंडाशी नेलं होतं, ते तिथंच राहिलं. "ते अध्याहृत आहे," ते म्हणाले.

"कोर्टात चालतं अध्याहृत?"

"हे कोर्ट नव्हे, लता."

"तुम्ही मला कागदाचा अर्थ कागदात असेल तेवढाच लावायला शिकवलंत. पसंती झाली तर, असं ठरलं. त्यांची झाली. माझी झाली नाही." इथपर्यंत ती नेहमीच्या ठसक्यात बोलली, पण पुढं तिला ते जमेना. "अण्णा, माणसं वाईट नाहीत, मला ठाऊक आहे. पण मला हेच करायचंय. दुसरं काही मला येत नाही आणि आवडतही नाही. हा हंगाम गेला तर मी जन्मभर खिडकीतून बघत राहीन."

आक्का दारातून म्हणाली, "मुलीकडून नकार कधी ऐकलाय कुणी? पुढं दारात कुत्रं फिरकणार नाही." आणि खरंच, तोवर त्या आळीत मुलीकडून नकार गेलेला नव्हता. नकार यायचा असतो, जायचा नसतो.  अण्णांनी पान पुन्हा तबकात ठेवलं आणि रात्री जेवलेही नाहीत नीट. आक्कानं ते पोरीच्या खात्यावर मांडलं.

आता पुढचं आधीच सांगून टाकायला हरकत नाही. तो हंगाम तिनं राघोच्या विहिरीवर काढला, भर पावसात काशीचं इरलं डोक्यावर घेऊन. दसऱ्याला डॉक्टर केरावालांनी तिच्या नोंदी तीनदा वाचल्या, चौथ्यांदा चष्मा पुसला आणि तिला बस म्हटलं. पुण्याच्या मुलानं बगळे सोडले आणि तो बँकेत लागला. विद्युल्लता एम.एस्सी. झाली, मग कॅम्पवर गेली, खाजणात गुडघाभर चिखलात उभी राहून चिखल्या पक्ष्यांच्या पायात कडी घालू लागली, आणि दूध ती शेवटपर्यंत करपवत राहिली. पण हे सगळं ज्यामुळं झालं ते त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी झालं, आणि ते तिनं स्वतः बघितलेलं नाही.

रविवारी अण्णांनी धुतलेला कोट घातला आणि कुणाला काही न सांगता कल्याणची एस.टी. पकडली.  विद्युल्लता राहनाळलाही गेली नाही. ओट्यावर बसून राहिली. तिला वाटत होतं, अण्णा लग्नाची बोलणी पक्की करायला गेलेत. आक्कालाही तसंच वाटत होतं, फक्त तिला ते बरं वाटत होतं. संध्याकाळी अण्णा आले. कोटाला एस.टी.ची धूळ होती. ते ओट्यावरच टेकले.

"नाही म्हणून आलो," ते म्हणाले.

आक्का आतून धावत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"काय म्हणाल्या त्या?" हिनं विचारलं.

"कारण विचारलं. मला वाटेत सुचलं होतं एक, पत्रिकेचं. खोटं नव्हतं, बसवता आलं असतं. पण बाई इतकी सरळ बघत होती माझ्याकडं, की ते बोलवेना." अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी म्हटलं, माझी मुलगी पक्षीशास्त्रज्ञ होणार आहे. त्यांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय करणार? आणि मला सांगता आलं नाही, लता. कोर्टात इतकी वर्षं झाली, असा कधी अडकलो नव्हतो. आता बस इथं आणि मला सगळं नीट सांग."

ती त्यांच्याजवळ बसली. सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि एवढी तोंडाळ पोरगी, तिला रडूच फुटलं.

"रडून घे आधी," अण्णा म्हणाले. "मला आज कचेरी नाही."